दवाखान्यातून भावंडांना रोज एकच निरोप

घरातलं कुणी ॲडमिट असलं की निम्मी भांडणं आजारावरून होत नाहीत, 'मला का नाही सांगितलंस?' यावरून होतात. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी दिवसभर तेच तेच सांगत फोन घेत होतो, आणि संध्याकाळी ताईवर खेकसलो. दुसऱ्या दिवसापासून हे सुरू केलं:

1. रोज रात्री 9 ला भावंडांच्या ग्रुपवर एक मेसेज. ताई न्यू जर्सीला, तिथे तेव्हा सकाळचे साडेदहा-साडेअकरा. तिलाही सोयीचं.

2. तीनच ओळी: आज काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, उद्या कुणी काय करायचं. तिसरी ओळ नाव घालून लिहा. 'कुणीतरी डबा आणा' म्हटलं की कुणीच आणत नाही. 'दादा, उद्या 12 ला मऊ भात, ताक आणि कपाटातली मेडिक्लेमची फाइल' म्हटलं की येतं.

3. वैताग आला असेल तर तोही लिहा: 'दोन रात्री झोप नाही, उलट बोललो तर मनावर घेऊ नका.' मला हे फार जड गेलं. पण दादा त्याच रात्री थांबायला आला.

मधेच कुणी विचारलं तर 'नऊला लिहितो, काळजीचं असलं तर आधीच फोन करेन' एवढंच उत्तर.

फक्त बिलाचा आणि पैशांच्या वाटणीचा विषय ग्रुपवर काढू नका. तो फोनवर, एकेकाशी, आणि शक्यतो जेवणं झाल्यावर.