वॉरंटीतला फ्रिज दुरुस्तच होत नसेल तर

‘पार्ट येत नाही, डेप्रिसिएशन (वापरामुळे घटलेली किंमत) कापून थोडे पैसे देतो’ असं सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, तर लगेच हो म्हणू नका. मेकॅनिक येईल त्या प्रत्येक वेळी जॉबशीट (भेटीची आणि कामाची नोंद असलेला कागद) मागून घ्या, त्यावर ‘कूलिंग नाही’ असा नेमका बिघाड आणि तारीख लिहून घ्या. हाच तुमचा खरा पुरावा. फोनवरचं बोलणं हवेत विरतं. मग वस्तू बदलून द्या किंवा पूर्ण रक्कम परत करा, असं कंपनीला ईमेलने कळवा. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही नाही जमलं, तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जा. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.