माळ्यावरची कॉमिक्स विकायला काढताना

मागच्या उन्हाळ्यात घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला आणि पत्र्याची जुनी ट्रंक खाली आली. आत इंद्रजाल, अमर चित्र कथा, चांदोबा, चाचा चौधरी, नागराज, सगळी मंडळी एकमेकांवर झोपलेली. मदतीला आलेला मित्र म्हणाला, "देऊन टाक की बे रद्दीत, जागा तरी होईल." रद्दीवाल्याच्या काट्याला इंद्रजालमधला वेताळ (म्हणजे फँटम) आणि वर्तमानपत्र यांतला फरक कळत नाही, म्हणून मी ट्रंक तशीच ठेवली. पुढचे तीन-चार महिने त्यातलं थोडंथोडं विकलं. कसं विकलं आणि कुठं हात पोळले, ते सांगतो.

सगळ्यात आधी विचारायचं: ही पुस्तकं नक्की कुणाची? हसू नका. आमच्याकडे निम्म्या अंकांवर ताईचं नाव निघालं, बॉलपेननं, खाली शाळेची तुकडीसुद्धा. तिला फोन केला तर म्हणाली, "बहादूरचे सगळे विक, वेताळाला हात लावशील तर बघ." म्हणजे विक्री सुरू व्हायच्या आधीच एक ढीग बाजूला गेला. हे आधीच मिटवलेलं बरं. गिऱ्हाइकाला शब्द दिल्यावर मागे फिरणं फार वाईट दिसतं.

आता ढीग पाडायचे, आणि इथं सोलापूरकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या गावात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलली जाते, आणि प्रवासात स्टेशनवर विकत घेतलेली हिंदी कॉमिक्स घरोघरी असतात. त्यामुळे इथल्या ट्रंकेत भाषांची मिसळ निघते. पूर्व भागातल्या एका मित्राकडे आजोबांच्या वेळचे तेलुगू चंदमामा निघाले. त्यानं ते मराठी चांदोबाबरोबर एकाच सुतळीनं बांधून ठेवले होते. असा गठ्ठा पुण्याच्या माणसाला दाखवला तर तो तेलुगू अंकांचे पैसे धरणार नाही, आणि हैदराबादच्या माणसाला दाखवला तर तो मराठीचे. म्हणून पहिला ढीग भाषेप्रमाणे, मग प्रकाशनाप्रमाणे, मग क्रमांकाप्रमाणे. पुणे आपल्याला अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास. दोन्हीकडे गिऱ्हाईक आहे, फक्त ज्याचा माल त्याच्या दारात गेला पाहिजे.

ढीग पाडल्यावर वहीत यादी करा. नाव, क्रमांक, महिना-साल, भाषा, छापील किंमत, अवस्था. कंटाळवाणं काम आहे, पण भाव ह्या यादीवरच ठरतो. "जुनी कॉमिक्स आहेत, किती देता?" असं विचारणाऱ्याला समोरचा ओळखतो आणि त्या मानानंच आकडा सांगतो.

कुठल्या ढिगात काय बघायचं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे इथंच मिळतात किंवा जातात.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. सुरुवातीचे अंक वेताळाचे, पुढे मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे आले. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. ही मालिका बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी जुन्या अंकांना मागणी टिकून आहे. साठच्या दशकातले अंक हातात आले तर घाई करू नका. नंतरच्या काळात अंकांवर खंड आणि अंक अशी दुहेरी संख्या येते, ती दोन्ही जशीच्या तशी टिपा. जाणकार गिऱ्हाईक आधी तीच विचारतो.

अमर चित्र कथेच्या बाबतीत मात्र बहुतेकांची निराशा होते. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका इतक्या वेळा पुन्हा छापली गेली, की जुनं दिसणारं प्रत्येक पुस्तक जुनं नसतं. एक खूण सांगतो. इंग्रजी मालिकेत 'कृष्ण' मूळ क्रमांक ११ चं. पुढच्या छपायांत त्याच पुस्तकावर ५०१ आहे. म्हणजे पाचशेच्या पुढचा आकडा दिसला तर ती नंतरची छपाई समजा. छापील किंमतही तेच सांगते. दीड-दोन रुपयांची प्रत आणि वीस रुपयांची प्रत ह्यांत आतली चित्रं तीच असली, तरी संग्राहकाच्या लेखी ती दोन वेगळी पुस्तकं असतात. नंतरच्या छपाया लहान मुलं असलेल्या घरांना वाचायला म्हणून विका, चटकन जातात.

चांदोबा तसं कॉमिक नव्हे, पण ट्रंकेत तो असतोच. मराठी चांदोबा १९५२ पासूनचा. इथं एक गंमत. चांदोबातला वेताळ विक्रमाच्या खांद्यावरचा, इंद्रजालमधला वेताळ कवटीच्या गुहेतला. मी जाहिरातीत नुसतं "वेताळाचे अंक" लिहिलं आणि दोन दिवस चुकीच्या माणसांचे फोन घेत बसलो. 'किशोर' असेल तर तो आठवणीसाठी ठेवा किंवा कुणाला तरी भेट द्या. बालभारतीनं जुने अंक संकेतस्थळावर फुकट ठेवलेत, त्यामुळे नुसता वाचणारा पैसे देत नाही. डायमंडचे चाचा चौधरी आणि राज कॉमिक्सचे १९८६ नंतरचे नागराज वगैरे भरपूर छापले गेले. त्यांत सुरुवातीचे क्रमांक आणि सोबत मिळालेलं स्टिकर किंवा पोस्टर अजून आत असेल तरच आकडा वर जातो.

अवस्था तपासताना स्वतःशी कठोर व्हा. मुखपृष्ठ आहे का, मागचं पान आहे का, मधली जोडपानं पिनांतून निसटून गेलीत का, पिना गंजून कागद लाल झालाय का, कोडं पेन्सिलीनं सोडवलंय का, भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयाचा शिक्का आहे का. प्रत्येक पान उलटून मोजा. एक पान नसलेली प्रत "पूर्ण" म्हणून पाठवली तर ती परत येते, आणि नावही जातं. दहा-बारा अंक एकत्र बाइंडिंग करून ठेवायची आपल्याकडे फार आवड. बाइंडरनं कडा कापलेल्या असतात, म्हणून त्याला सुट्या अंकांचा भाव येत नाही. पण बाइंडिंग उसवून सुटे करायच्या फंदात पडू नका, पाठीचा कागद फाटून आहे तेही जातं.

आपल्या हवेचा फायदा म्हणजे कोकणासारखी बुरशी इथं कमी धरते. तोटा असा, की चाळीसच्या पुढचा उन्हाळा माळ्यावर काढलेला कागद पापडासारखा होतो आणि वाकवला की तुटतो. त्यात वाळवी आणि कसर. पुस्तकं उन्हात वाळत घालू नका, रंग उडतो. सावलीत, पंख्याखाली, एक दिवस. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडा आणि तिथंच थांबा. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही, नाव खोडायचं नाही. मी एका मुखपृष्ठावरचं पेन्सिलीनं लिहिलेलं नाव खोडरबरानं पुसायला गेलो आणि नावासकट वेताळाच्या घोड्याचं नाकही गेलं.

भाव ठरवताना लोक एक चूक हमखास करतात. ऑनलाइन कुणीतरी पाच हजार मागतोय ते बघून आपलीही प्रत पाच हजारांची धरतात. मागितलेली किंमत म्हणजे इच्छा. विकली गेलेली किंमत बघा. लिलावाच्या संकेतस्थळांवर संपलेल्या विक्री वेगळ्या दिसतात. फेसबुकवर संग्राहकांच्या गटांत बोली लागते, ती शेवटी कुठं थांबली ते वाचता येतं. आपल्याच भाषेतल्या, त्याच अंकाच्या किंवा जवळच्या क्रमांकाच्या तीन-चार विक्री शोधा. समजा त्या ३००, ४५० आणि ९०० ला गेल्या. नऊशेची प्रत कोरी करकरीत होती आणि तुमच्या प्रतीचा कोपरा उंदरानं खाल्लाय, तर तुमचा भाव तीनशेच्या आसपास. सरासरी काढून साडेपाचशे मागितलेत तर प्रत पडून राहील. अमेरिकेतल्या दहापैकी गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद करणाऱ्या संस्थांकडे आपली चित्रकथा पाठवायची हौस करू नका. बहुतेक वेळा जाण्यायेण्याचा खर्चच पुस्तकापेक्षा जास्त होतो.

सगळं एकदम विकावं की सुटं? काही वर्षांपूर्वी मी चाळीसेक अंकांचा एक गठ्ठा बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला एकरकमी दिला. दोन महिन्यांनी त्यातला एक अंक ऑनलाइन दिसला, मुखपृष्ठावर माझ्या चुलतभावाचं नाव. त्या एका अंकाची बोली माझ्या अख्ख्या गठ्ठ्याच्या रकमेच्या वर थांबली होती. व्यापाऱ्याला दोष नाही, त्यानं यादी वाचली होती आणि मी केलीच नव्हती. तेव्हापासून माझी पद्धत अशी: चांगले आठ-दहा सुटे, सलग क्रमांकांची माळ असेल तर ती एकत्र, आणि सर्वसाधारण मालाचे दहा-दहाचे गट. दुकानदाराला द्यायचं असेल तर तो पुढे ज्या भावानं विकेल त्याच्या निम्म्याहून कमीच देणार हे धरून चाला. त्याला जागा, वेळ आणि न खपण्याचा धोका सांभाळायचा असतो. पैसे लगेच हवे असतील तर तो रस्ता वाईट नाही. कन्नड अंक बंगळुरूच्या अव्हेन्यू रोडवर आणि तेलुगू अंक हैदराबादच्या आबिड्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारात दाखवता येतात, पण नुसतं तेवढ्यासाठी तिकीट काढू नका. लग्नकार्याला जाणार असाल तर पिशवीत टाका.

फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ काढा. पुढचं, मागचं, मधलं पान पिनांसकट, आणि प्रत्येक दोष जवळून. दोष आधीच दाखवला की घासाघीस कमी होते.

पैशाबाबत एकच सांगतो. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" असं म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे. आणि आलेल्या मेसेजवर विसंबू नका, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय पुस्तक घराबाहेर काढायचं नाही. गावातल्याच माणसाला द्यायचं असेल तर घरी बोलावण्यापेक्षा सात रस्ता किंवा नवी पेठेत, दिवसाढवळ्या भेटा.

पाठवताना प्रत आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग दोन्ही बाजूंनी पुस्तकाहून बोटभर मोठा पुठ्ठा, पुठ्ठा पुठ्ठ्याला चिकटवायचा, पुस्तकाला नाही. पुठ्ठ्यासाठी चादरीच्या दुकानात खोकं मागा, जाड असतं आणि फुकट मिळतं. किराणा दुकानात वजन करून टपालखर्च आधी कळवा. स्पीड पोस्टची पावती गिऱ्हाइकाला लगेच पाठवा. बांधताना एक छोटा व्हिडिओ काढून ठेवला की "आत पान नव्हतं" ह्या वादाला जागा राहत नाही.

शेवटी तळाशी कव्हर नसलेले, अर्धवट अंक उरतील. तेही काट्यावर घालू नका. ज्याच्या प्रतीतलं एखादं पान हरवलंय असा माणूस तेवढ्यासाठी असा अंक शोधत असतो. कुठली पानं शाबूत आहेत ते क्रमांकासकट लिहा आणि नगावर किंमत लावा. माझे सहा असे गेले, सातवा ताईनं परत मागून घेतला.