कुटुमसरच्या गुहेत उतरताय? रांगेत दुसऱ्या राहा

मी इंदूरच्या एका शाळेत तीस वर्षं हिंदीतून भूगोल शिकवला. गुहेच्या छतावरून लोंबतो तो चुन्याचा खांब म्हणजे आश्चुताश्म, जमिनीतून वर येतो तो निश्चुताश्म. फळ्यावर असंख्य वेळा काढले, खरा एकही पाहिला नव्हता. माळव्यात दिसणार कुठून? आपल्या पायाखाली काळा बेसॉल्ट. आपल्याला गुहा म्हणजे धार जिल्ह्यातलं बाघ नाहीतर अजिंठा, आणि ती तर माणसानं छिन्नीनं कोरलेली लेणी. पाण्यानं चुनखडक विरघळवून केलेली गुहा बघायला भिशीतल्या आम्ही आठ जणी बस्तरला गेलो.

दिवाळीनंतरच जा. पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं, ती बंदच असते. रायपूरपर्यंत रेल्वे, पुढे जगदलपूर रस्त्यानं साधारण ३०० किलोमीटर. मुक्काम तिथेच करा. गुहा कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि गाईडशिवाय आत सोडत नाहीत. हे गाईड बहुतेक आसपासच्या गावांतले तरुण. हिंदी छान बोलतात.

आता मुद्द्याचं. गुहेचं तोंड अरुंद, अंग चोरून पायऱ्या उतरायच्या, आणि आतही बऱ्याच ठिकाणी एकामागे एकच चालता येतं. उजेड असतो तो गाईडच्या हातात. मी भूगोलाची बाई म्हणून सगळ्यांना पुढे घातलं आणि स्वतः शेवटी राहिले. दिसली काय, तर पुढचीची पाठ! पुढून ‘अगं बाई, हे बघ’ ऐकू यायचं, मी पोचेपर्यंत दिवा पुढे गेलेला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिकीट काढलं आणि थेट गाईडच्या मागे उभी राहिले. तेव्हा कुठे गुहा पाहिली. आठ जणी असाल तर चार-चार करा, दोन गाईड घ्या. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

गाईड घाईत असेल तर प्रश्न विचारून त्याला थांबवा. ‘भैया, बरसात में पानी कहाँ तक आता है?’ एवढं विचारलं की तो भिंतीवर दिवा फिरवून दाखवतो. गुहेतल्या पाण्यातल्या आंधळ्या माशांबद्दल विचारा. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून त्यांचे डोळे आणि रंग दोन्ही जवळजवळ गेलेत. शास्त्रीय नाव इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी. नावात इंदूर ऐकून मी उगाच हुरळले. लांब मिशांचा रातकिडा दिसला तर नशीब. त्याच्या जातीचं नाव शंकरी, १९५०च्या दशकात ही गुहा अभ्यासणाऱ्या डॉ. शंकर तिवारींवरून. आणि एक मिनिट दिवा बंद करायला जरूर सांगा. डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही.

खांबांना हात लावू नका. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, विरघळलेला चुना थेंबाथेंबानं मागे राहतो, त्यातून तो खांब वाढतो. बोटांचं तेल बसलं की तिथे चुना नीट धरत नाही. आमच्यातल्या एकीनं नवस बोलल्यासारखा हात फिरवला, तेव्हा मी निवृत्त आहे हे विसरून ओरडले.

बूट खाचदार तळव्याचे हवेत. चपला घातलेल्या एकीला आम्ही दोघींनी धरून बाहेर आणलं. आत दमट उकडतं, तेव्हा सुती कपडे घाला, शाल गाडीत ठेवा. चष्म्यावर वाफ धरते, रुमाल हाताशी असू द्या. पर्स खांद्यावर आडवी अडकवा, कारण उतरताना दोन्ही हात लागतात. दम्याचा त्रास असेल किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर तोंडाशीच थांबा, यात लाज कसली? पोट गच्च भरून जाऊ नका. शेवेचा डबा गाडीतच राहू द्या.

परत चढताना मात्र रांगेत शेवटी राहा. कुणाचा धक्का नाही, गुडघ्यांना वेळ मिळतो.