खोकल्यावर घरचा काढा: काय घ्यावं, कसं घ्यावं, कधी थांबावं

दिवाळी झाली की पुण्याची पहाट जड होते. चहूबाजूंनी टेकड्या, वारा पडलेला. थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि गाड्यांचा, शेकोट्यांचा धूर तिच्यातच कोंडतो. घराघरांत घसे खवखवू लागतात आणि ‘फुफ्फुसं साफ करणाऱ्या’ काढ्यांचे निरोप फोनवर फिरू लागतात. फुफ्फुसं धुऊन काढणारी वनस्पती नाही. कफ सुटायला मदत करणाऱ्या आणि घशाला आराम देणाऱ्या वनस्पती मात्र आहेत, आणि तेवढ्यासाठी त्या जरूर वापराव्यात.

आधी खोकला ओळखा. घसा टोचतो, रात्री ढास लागते, पडत काहीच नाही, तो कोरडा. छातीत घरघरतं, बेडका पडतो, तो ओला. कोरड्याला मध किंवा ज्येष्ठमध, ओल्याला अडुळसा. दहा जिन्नस एकत्र उकळू नका. कशाने बरं वाटलं आणि काय बाधलं, हे मग कळत नाही.

अडुळशावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. कोथरूडला आमच्या घराच्या कुंपणाला तो होता. पानं इतकी कडू की शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून लोक तो कुंपणालाच लावत. याच पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि कफ पातळ करणाऱ्या कितीतरी सिरपांत ते आजही असतं. काढा करायचा तर घरच्या किंवा ओळखीच्या झाडाची चार-पाच पानं घ्या. रहदारीच्या रस्त्याकडेची नकोत, त्यांवर काजळी बसलेली असते. पानं धुऊन, चिरून दोन कप पाण्यात मंद आचेवर ठेवा. अर्धा कप उरला की गाळा. कोमट झाल्यावर चमचाभर मध घाला, उकळत्या काढ्यात नको. हा अर्धा कप दिवसभरात दोन वेळा विभागून घ्या, तीन-चार दिवस. गरोदर बाईने अडुळसा अजिबात घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. लहान मुलांना तो वैद्यांना विचारूनच द्या.

ज्येष्ठमधाची काडी तुळशीबाग-मंडईच्या परिसरातल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. बोटाच्या पेराएवढा तुकडा चघळला की घशाला लगेच ओल येते. पण हे रोजचं व्यसन करू नका. आमच्या बाबांनी एका हिवाळ्यात महिनाभर ज्येष्ठमधाचा चहा घेतला. इतके दिवस गोळीने आटोक्यात असलेलं ब्लडप्रेशर वर गेलं आणि कारण सापडायला आम्हाला फार वेळ लागला. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम कमी होतं. ब्लडप्रेशर, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

खोकल्यावरचं आयुर्वेदिक सितोपलादी चूर्ण घेताना त्याचं प्रमाण लक्षात ठेवा: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. म्हणजे निम्म्याहून जास्त साखर. मधुमेह्यांनी विचारूनच घ्यावं.

लहान मुलांच्या रात्रीच्या खोकल्याला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध पुरतो. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचं बोटही चाटवू नका. त्यातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो.

वाफेने चोंदलेलं नाक मोकळं होतं, फुफ्फुसांपर्यंत तिचा उपचार पोचत नाही. पातेलं टेबलावर घट्ट ठेवा, मांडीवर कधीच नको. मुलांना उकळत्या पाण्याजवळ बसवूच नका, भाजण्याचे प्रकार असेच होतात. तान्ह्या बाळाच्या नाकाशी कापूरही नको.

‘लंग डिटॉक्स’ची कॅप्सूल घेण्याआधी डबीवर बीटा कॅरोटीन (गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य) लिहिलंय का ते पाहा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ते वर्षानुवर्षं दिलं, तेव्हा फुफ्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढला. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. सिगारेट ओढणाऱ्याने गाजर खावं, ही गोळी नको.

पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेची ‘सफर’ ही यंत्रणा पुण्याच्या हवेतल्या प्रदूषणाचा अंदाज देते. हवेचा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) २०० च्या वर असेल त्या दिवशी पर्वती किंवा हनुमान टेकडी पहाटे चढू नका. ऊन तापून हवा हलू लागली की जा.

दम्याचा पंप काढ्यासाठी बंद करायचा नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कुठलीही वनस्पती सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. थुंकीतून रक्त आलं, बोलताना धाप लागली, ओठ निळसर झाले तर काढा गॅसवर तसाच सोडून दवाखाना गाठा. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत होते.