आखाजीआधी बॅटरीची तयारी

खान्देशात गाडीची बॅटरी खचते उन्हाळ्यात, पण कळतं पौषातल्या थंड सकाळी, चावी फिरवल्यावर नुसतं टकटक वाजतं तेव्हा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. त्या उष्णतेनं आतलं पाणी उडतं, प्लेटा लवकर गंजतात. म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळींना आणायला गाडी निघण्याआधी, चैत्रातच एक सकाळ बॅटरीसाठी काढा.

आदल्या दिवशी सामान जमवा. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. त्यासोबत तारेचा ब्रश, खायचा सोडा, व्हॅसलीन, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, जुनी फडकी आणि डिस्टिल्ड वॉटर. कपडे टाकाऊ घाला, ॲसिडचा शिंतोडा सुती कपड्याला भोक पाडतो. अंगठी, कडं, घड्याळ काढाच. पाना आणि बॉडी यांच्यामध्ये सोनं आलं तर बोट भाजतं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा विडी-काडी जवळ नको. डोळ्यांत ॲसिड गेलं तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवून लगेच दवाखाना.

इंजिन बंद, चावी बाहेर. आधी निगेटिव्ह म्हणजे काळी वायर सोडायची, मग लाल. जोडताना उलट, लाल आधी आणि काळी शेवटी. हा क्रम चुकवू नका, शॉर्ट होण्याची भीती त्यानंच टळते. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर दिसला तर झाकणं घट्ट असल्याची खात्री करा आणि पेलाभर पाण्यात चमचाभर सोडा कालवून ओता. फेस निवला की ब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुवा, कोरडं पुसा. सोडा आत गेला तर ॲसिडच मारतो. क्लॅम्प हातानं हलणार नाही इतका आवळा, मग वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या.

आता पाणी. आपल्याकडे खरा घोळ इथेच होतो. बोअरचं जड पाणी तर नकोच, पण आरओचंही नको, त्यातही थोडे क्षार उरतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बरेच जण जपून ठेवतात. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेला असतो. डिस्टिल्ड वॉटरची बाटली फार महाग नाही, ती विकतच घ्या. सहाही कप्पे उघडून पाहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी घाला, बॅटरी चार्ज करून घ्या आणि त्यानंतर वरच्या खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड बाहेर येतं. ॲसिड मात्र घालू नका, उडतं ते पाणीच. सीलबंद बॅटरीला हे काही लागत नाही. तिची टर्मिनलं आणि तिला धरून ठेवणारी पट्टी तेवढी बघा, कारण सैल बॅटरी खड्ड्यांत हादरून आतून तुटते.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला व्होल्टमीटर लावा. १२.६ व्होल्ट असेल तर निर्धास्त राहा, १२.४ च्या खाली चार्जिंग हवं. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसावं. १५ च्या आसपास जात असेल तर ऑल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा भाग, वायरमनला दाखवा, कितीही पाणी घातलं तरी ते पुन्हा उडणार.

गाडी दोन-तीन आठवडे अंगणात उभी राहणार असेल तर निंबाच्या सावलीत लावा आणि काळी वायर काढून ठेवा.