इंग्रजी वाक्य कोठे संपते? या चुका टाळा

घरी मराठी, बाजारात गुजराती आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वर्गात इंग्रजी, अशा तीन भाषांत बडोद्याच्या मराठी विद्यार्थ्याचा दिवस जातो. त्याच्या इंग्रजी लेखनात शब्दांपेक्षा वाक्याची सीमाच अधिक चुकते, आणि त्या चुकीचे मूळ बहुधा मराठीच्या सवयीत सापडते.

‘मला उशीर झाला. कारण बस चुकली.’ हे मराठीत सहज खपते. ‘आय वॉज लेट. बिकॉज आय मिस्ड द बस.’ असे लिहिले, तर मात्र दुसरा भाग अपुरा, म्हणजे फ्रॅगमेंट ठरतो. त्यात कर्ता व क्रियापद दोन्ही असूनही ‘बिकॉज’मुळे तो गौण वाक्य होतो आणि त्याला प्रधान वाक्याला जोडूनच राहावे लागते, ‘ऑल्दो’, ‘व्हेन’ आणि ‘इफ’ यांनाही हाच नियम लागू आहे. ‘द चिल्ड्रन प्लेइंग इन सयाजीबाग’ याची अडचण वेगळी आहे, कारण ‘आर’ किंवा ‘वेअर’ यांच्यावाचून ‘प्लेइंग’ हे वाक्याचे मुख्य क्रियापद होऊ शकत नाही.

लांबलचक वाक्य म्हणजे रन-ऑन, हा समज तर सोडूनच द्यावा. ‘इट रेन्ड वी लेफ्ट’ या चारच शब्दांत दोन स्वतंत्र वाक्ये जोडणीशिवाय एकमेकांना चिकटली आहेत, म्हणून ते रन-ऑन आहे. उलट, योग्य जोडणी असलेले पन्नास शब्दांचे वाक्यही निर्दोष असू शकते. वारंवार आढळणारा दोष म्हणजे नुसत्या स्वल्पविरामाने केलेली जोडणी: ‘लक्ष्मी विलास पॅलेस इज इन बडोदा, इट वॉज कम्प्लीटेड इन 1890.’ येथे पूर्णविराम किंवा अर्धविराम चालेल, स्वल्पविरामानंतर ‘अँड’ही चालेल, परंतु ‘विच’ वापरून ‘लक्ष्मी विलास पॅलेस, विच वॉज कम्प्लीटेड इन 1890, इज इन बडोदा.’ असे लिहिणे मला अधिक नेटके वाटते, कारण दोन्ही गोष्टी एकाच वास्तूविषयी आहेत. ‘हाउएव्हर’ मात्र क्रियाविशेषण आहे, त्यामुळे दोन वाक्यांच्या मध्ये ते आल्यास त्याच्याआधी स्वल्पविराम पुरत नाही, अर्धविराम किंवा पूर्णविरामच हवा.

शंका आल्यास विधानापूर्वी ‘इज इट ट्रू दॅट’ हे शब्द ठेवून वाचावे. प्रश्न अर्धवट वाटला, तर बहुधा ते विधान फ्रॅगमेंट असते. आज्ञार्थाला ही कसोटी लावू नये, कारण ‘गो!’ या एका शब्दातही ‘यू’ हा कर्ता गृहीत असतो आणि ते वाक्य पूर्णच असते.