लागर घालण्याआधी: किनाऱ्यावरच्या घराची तयारी

लागर म्हणजे थंडीत सावकाश आंबवून गारच मुरवलेली बियर. तिची पहिली तयारी कागदाची. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बियर बनवणं गुन्हा आहे, मग ती घरात आणि स्वतःपुरती का असेना. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कचेरीत जाऊन आपल्याला काय मिळू शकतं ते आधी विचारून या, आणि परवाना हातात येईपर्यंत यीस्टचं पाकीट फोडू नका. बाकीची बरीचशी तयारी मात्र नुसत्या पाण्यावर होते. पुण्यात एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत चार वर्षं काम करून मी मालवणला परत आलो, तेव्हा सगळ्यात आधी १० लिटर विहिरीचं पाणी फ्रिजमध्ये ठेवलं आणि दोन आठवडे त्याचंच तापमान लिहीत बसलो. तुम्हीही तेच करा.

कारण लागरची सगळी मदार थंडीवर. तिचं यीस्ट १० ते १२ अंशांत, सावकाश काम करतं. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली हुकूम निघाला की बियर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच बनवायची, कारण उन्हाळ्यातली बियर नासायची. आपल्या किनाऱ्यावर पौषातली पहाटसुद्धा १० अंशांपर्यंत उतरत नाही. आंबोळीचं पीठ रात्रभरात फुगून टोपाबाहेर येतं, ती ऊब लागरला मारक. कामावर असताना एकदा मी घाई करून २२ अंशांवरच यीस्ट टाकलं होतं. महिन्याभराने चव घेतली तर पिकलेल्या केळ्याचा वास आणि मागून लोण्याचा. सगळी टाकी ओतून द्यावी लागली.

म्हणून फ्रिज. जुना एकदारी चालेल, पण दाराचं रबर घट्ट हवं: कागदाचा कपटा दारात धरून ओढा, सहज निघाला तर रबर बदला. खाऱ्या हवेने मागची जाळी गंजलेली असते, तीही बघून घ्या. फ्रिजचा स्वतःचा नॉब कामाचा नाही. बाहेरून लावायचा डिजिटल थर्मोस्टॅट घ्या, कॉम्प्रेसर लगेच पुन्हा चालू होणार नाही असा किमान पाच मिनिटांचा उशीर त्यात लावा. सेन्सर हवेत लोंबता ठेवू नका. बादलीच्या अंगाला टेपने चिकटवून वर थर्माकोलचा तुकडा बांधा, म्हणजे आतल्या पाण्याचं तापमान कळेल. आता तालीम. १० अंश लावा आणि सकाळ, दुपार, रात्र आकडा लिहा. माझ्याकडे मे महिन्यात एकदा सहा तास लाइट गेली आणि १० चे १४ झाले. दुसऱ्या खेपेला लाइट जाताच दोन लिटरच्या दोन गोठवलेल्या बाटल्या बादलीला टेकवून ठेवल्या, तेव्हा दोनच अंश चढले. तेव्हापासून तशा चार बाटल्या घरातल्या फ्रीझरमध्ये कायम आहेत. फ्रिज ० ते ४ अंशांपर्यंत उतरतो का, हेही याच तालमीत बघा. शेवटचे महिना-दीड महिना बियर तिथेच मुरवायची असते.

दुसरी थंडी उकळीनंतरची. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. तिचं उकळलेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, लवकर निवलं पाहिजे, नाहीतर कोमट असतानाच नको ते जंतू शिरतात. तांब्याच्या नळीचं वेटोळं टोपात बुडवून त्यातून विहिरीचं पाणी सोडा. पण आपलं पाणीच २७-२८ अंशांचं, त्यामुळे ३५ च्या आसपास गाडी अडते. तिथून पुढे बर्फ. बंदरावर मासळीसाठी लादी मिळते, ती आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि घमेल्यात फोडून त्यात टोप बसवा. हा बर्फ खाण्याचा नव्हे, त्याचा थेंबही आत जाता कामा नये. २० अंशांपर्यंत आलं की झाकलेल्या बादलीत काढून फ्रिजमध्ये ठेवा, आणि काटा १० वर येईपर्यंत, अगदी रात्रभर लागली तरी, यीस्टला हात लावू नका.

पाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा हलकं असतं, आणि चेक देशातल्या पिल्सन गावात १८४२ साली जी फिकट लागर जन्मली तीही तिथल्या हलक्या पाण्यामुळेच तशी जमली. मात्र किनाऱ्यालगतची विहीर वैशाखात मचूळ होते, ते पाणी नको. ब्लीचिंग पावडर टाकलेलं पाणीही तसंच वापरू नका, बियरला औषधाचा वास येतो. आदल्या दिवशी उकळून उघडं ठेवा.

सामान १० लिटरच्या हिशोबाने सांगतो. पिल्सनर माल्ट सव्वादोन किलो, साझ जातीचे हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी सुकी फुलं) ३० ग्रॅम, डब्ल्यू-३४/७० या सुक्या यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट. माल्टची भरड काढायची, पीठ नाही. टरफल शाबूत राहिलं पाहिजे, म्हणून गिरणीत देऊ नका, जातं सैल करून हाताने काढा. भरड त्याच दिवशी वापरा. पावसाळ्यात तर अख्खा माल्टही घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, दमट हवेत आठवड्यात मऊ पडतो. दाणा चावून बघा: कुडुम वाजला तर ठीक.

भांडी फार नाहीत. २० लिटरचा स्टीलचा टोप, भरड धरायला मलमलीची मोठी पिशवी, भरड भिजवायच्या पाण्याचे ६५ अंश नेमके दाखवणारा थर्मामीटर, वर्टची गोडी मोजायचा हायड्रोमीटर, आणि एअरलॉकची, म्हणजे आतला वायू बाहेर सोडून हवा आत न घेणाऱ्या झडपेची, फूडग्रेड बादली. उकळी दीड तासाची आहे, तेव्हा सिलिंडर भरलेला आहे ना बघा. उकळीनंतर ज्याला वर्ट लागणार ते सगळं आयोडोफोर या आयोडीनच्या जंतुनाशकाच्या पाण्यातून काढायचं, नळीचं टोकसुद्धा. शेवटी ६५० मिलीच्या १५ बाटल्या, क्राउन कॅप आणि कॅप दाबायचं यंत्र. फेसासाठी ६५ ग्रॅम साखर आताच वेगळी काढून ठेवा. अंदाजाने मूठभर जास्त पडली तर बाटली फुटते आणि काच डोळ्यात जाते.

आणि घरात सांगून ठेवा: दोन आठवडे आंबवण, लोण्याचा वास जावा म्हणून दोन-तीन दिवस १७ अंशांवर विसावा, मग मुरवण, असे सात-आठ आठवडे तो फ्रिज अडकलेला राहणार. मधल्या काळात बांगडे आले तरी ते घरातल्याच फ्रिजमध्ये.